माशाला वाट कोण सांगतं?

माझा भाचा नोकरीनिमित्त अमेरिकेत सिएटलजवळ राहतो. दोन वर्षांपूर्वी तो गावी आला तेव्हा सगळ्यांसाठी काही ना काही घेऊन आला. माझ्या हातात त्यानं लहान मुलांची तीन पुस्तकं ठेवली आणि म्हणाला, "मामू, तुम्ही कविता लिहिता, मुलांत रमता, तुम्हाला आवडतील." तिन्ही पुस्तकं एकाच माशाची. सॅमन त्याचं नाव. इंग्रजीत लिहिताना मध्ये 'एल' असतो, पण तो बोलायचा नसतो. मुंबईच्या हॉटेलांतून 'इंडियन सॅमन' म्हणून जो मासा मिळतो तो आपला रावस. तो चवीला उत्तम, पण सॅमनच्या कुळातला नाही.

मी बीड जिल्ह्यातला माणूस. आमच्याकडे समुद्र नाही. उन्हाळ्यात प्यायला पाणी मिळालं तरी आम्ही समाधानी असतो. माझ्यासारख्याला समुद्रातल्या माशाचं काय अप्रूप? पण पुस्तकं चाळत गेलो आणि लक्षात आलं, ही गोष्ट समुद्राची कमी आणि नदीची जास्त आहे. घर सोडून जाण्याची आणि घरी परत येण्याची आहे. आणि घर सोडून जाणं आमच्या जिल्ह्याला कुणी शिकवायला नको.

आधी त्या माशाची हकीकत सांगतो.

डोंगरातल्या थंड, वाहत्या ओढ्यात मादी शेपटीनं वाळू-खडे उडवून खळगा करते. त्यात अंडी घालते, नर ती फळवतो आणि मादी पुन्हा खडे ढकलून खळगा झाकते. अंडी हजारोंनी असतात. हिवाळाभर ती खड्यांखाली असतात. पाणी वाहतं आणि स्वच्छ असलं तरच अंड्यांना प्राणवायू मिळतो. वर गाळ बसला की ती आतल्या आत गुदमरतात. अंड्यातून निघालेल्या पिल्लाच्या पोटाला एक केशरी पिशवी लटकलेली असते. त्यात त्याचं पहिल्या काही आठवड्यांचं अन्न असतं. तोवर पिल्लू खड्यांच्या फटीतच राहतं. पिशवी संपली की ते वर येऊन किडे, अळ्या खायला लागतं.

काही जातींची पिल्लं लगेच समुद्राकडे निघतात, काही वर्ष-दोन वर्षं ओढ्यातच वाढतात. अंगावर पट्टे असतात, त्यामुळे ती खड्यांत दिसून येत नाहीत. मग निघायची वेळ येते तेव्हा शरीर बदलायला लागतं. पट्टे जाऊन अंग चांदीसारखं होतं. गोड्या पाण्यावर पोसलेला देह खाऱ्या पाण्यात टिकेल अशी आतली सगळी व्यवस्था पालटते. पिल्लू प्रवाहाबरोबर समुद्रात जातं. तिथं एक ते पाच-सात वर्षं काढतं, हजारो किलोमीटर फिरतं, मोठं होतं. आणि एक दिवस परत फिरतं.

परतताना ते ज्या नदीतून गेलं तीच नदी शोधतं आणि बहुतेक वेळा त्याच ओढ्याला येऊन लागतं. नदीत शिरल्यावर खाणं थांबतं. अंगातल्या चरबीवर सगळा प्रवास. धबधबे उड्या मारून चढायचे. काही जातींत अंग लालभडक होतं, नराचा जबडा आकड्यासारखा वाकतो. ओढ्यात पोचून अंडी घातली की प्रशांत महासागराकडचे सॅमन काही दिवसांतच मरतात. अटलांटिककडच्या जातीतले काही जगतात आणि पुन्हा समुद्राला जातात.

याला वाट कोण सांगतं? हा प्रश्न शास्त्रज्ञांनाही पडला होता. विस्कॉन्सिन विद्यापीठातले आर्थर हॅस्लर एकदा आपल्या मूळ मुलखात, युटामधल्या डोंगरात फिरत होते. धबधब्याजवळ येताच शेवाळाचा आणि रानफुलांचा वास आला आणि बालपणीच्या विसरलेल्या गोष्टी झर्रकन आठवल्या. त्यांच्या मनात आलं, माशाचंही असंच होत असेल का? प्रत्येक ओढ्याची माती वेगळी, झाडं वेगळी, म्हणून पाण्याचा वासही वेगळा. १९५१ साली त्यांनी आणि वॉरन विस्बी यांनी हा विचार मांडला. पुढे एका नदीच्या दोन फाट्यांवर परतलेले मासे धरले, काहींची नाकं बुजवली आणि सगळ्यांना खालच्या अंगाला नेऊन सोडलं. नाक उघडं असलेले बहुतेक आपापल्या फाट्याला गेले, बुजवलेले चुकले. १९७०च्या दशकात त्यांनी पिल्लांना एका रसायनाच्या वासाची ओळख करून दिली आणि दीड वर्षानं भलत्याच ओढ्यात तो वास सोडला. मासे त्या ओढ्याला आले. भर समुद्रात मात्र वासाचा उपयोग नाही. तिथं पृथ्वीच्या चुंबकत्वाचा अंदाज त्यांना घेता येतो, असं पुढच्या संशोधनातून दिसून आलं आहे.

पहिला पाऊस मातीवर पडला की आपल्यालाही काहीतरी आठवतंच. हॅस्लरसाहेबांची गोष्ट वाचली तेव्हा मला आमच्या सिंदफणेच्या काठची ओली काळी माती आठवली.

आता पुस्तकांबद्दल. पहिलं 'अ सॅमन फॉर सायमन', कॅनडाच्या बेटी वॉटरटन यांनी १९७८ साली लिहिलेलं, चित्रं ॲन ब्लेड्स यांची. सायमन नावाच्या मुलाला सॅमन पकडायचा असतो, पण तो काही गळाला लागत नाही. एक दिवस गरुडाच्या पंजातून सुटलेला जिवंत सॅमन किनाऱ्यावरच्या डबक्यात पडतो. हवी असलेली गोष्ट आयतीच दारात आली. पण डबक्यात अडकलेला मासा बघून पोराला राहवत नाही. तो फावडं घेऊन समुद्रापर्यंत चर खणतो आणि मासा सोडून देतो. एवढीच गोष्ट. त्यात उपदेशाचं एक वाक्य नाही.

दुसरं रॉडरिक हेग-ब्राऊन यांचं 'सिल्व्हर', १९३१ सालचं. अटलांटिकच्या एका सॅमनचं अंड्यापासूनचं चरित्र. तिसरं 'कम बॅक, सॅमन', मॉली कोन यांचं, १९९२ साली निघालेलं. हे गोष्टीचं पुस्तक नाही, घडलेली हकीकत आहे. वॉशिंग्टन राज्यात एव्हरेट नावाचं गाव आहे. तिथल्या जॅक्सन प्राथमिक शाळेजवळ पिजन क्रीक नावाचा ओढा. लोकांनी त्याचा उकिरडा केलेला. कितीतरी वर्षं त्यात सॅमन आला नव्हता. शाळेच्या मुलांनी तो ओढा दत्तक घेतला. कचरा उपसला, शाळेत काचेच्या टाकीत अंडी ठेवून पिल्लं वाढवली, ओढ्यात नेऊन सोडली. मोठ्यांना शंका होती, पण मुलं वाट पाहत राहिली आणि मासे परत आले.

ही तीन पुस्तकं घेऊन मी एका हिवाळ्यात आमच्या भागातल्या एका गावच्या हंगामी वसतिगृहात गेलो. बाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवं. दसरा-दिवाळीच्या सुमारास आमच्या जिल्ह्यातून लाखो माणसं ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती अंगावर फेडायची. पाडव्याच्या आगेमागे लोक परततात. मुलं बरोबर गेली तर फडात राहतात, शाळा सुटते. म्हणून मुलं गावातच राहावीत, त्यांचं जेवण आणि शाळा चालू राहावी, यासाठी ही हंगामी वसतिगृहं. त्याआधी कारखान्यांच्या तळावर साखरशाळा निघाल्या होत्या. २०२१ साली राज्य शासनानं संत भगवानबाबांच्या नावानं ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी वसतिगृहांची योजनाही मंजूर केली.

संध्याकाळची वेळ होती. पहिलीपासून आठवीपर्यंतची तीसेक मुलं सतरंजीवर बसली. मी चित्रं दाखवत होतो आणि इंग्रजीचं मराठी करत होतो. गावात मला सगळे चाचा म्हणतात, मुलंही चाचाच म्हणतात. पिल्लाच्या पोटाची पिशवी दाखवली तशी एक बारकी पोरगी म्हणाली, "त्याची शिदोरी हाय ती." मी इतकी वर्षं मराठीत लिहितो, मला तो शब्द सुचला नव्हता.

मासा परत फिरतो इथवर आलो आणि माझ्यातला कवी जागा झाला. मी पुस्तक मिटलं आणि म्हणालो, "बघा मुलांनो, हा मासा म्हणजे तुमचे आई-बाबाच. दूर जातात, कष्ट करतात आणि आपल्या गावाला परत येतात." मला वाटलं, फार छान बोललो. सातवीतला एक मुलगा मागून म्हणाला, "चाचा, मासा उचल घेतो का?"

सगळे हसले. मीही हसलो, पण मला ते लागलं. पोरगं बरोबर बोललं होतं. माशाचं जाणं त्याच्या जन्माबरोबर आलेलं आहे. कुणी त्याला आगाऊ पैसे देऊन नेत नाही. आमच्या माणसांचं जाणं कोरडवाहू जमिनीमुळे आहे, हाताला काम नाही म्हणून आहे, कर्जामुळे आहे. माशाचा क्रम बदलता येणार नाही आणि बदलायचंही कारण नाही. माणसांचा बदलता येतो. आपण दोन्हींना 'स्थलांतर' हा एकच शब्द वापरतो आणि तिथं घोटाळा होतो. निसर्गाची उपमा दिली की गरिबीसुद्धा निसर्गातलीच वाटायला लागते. कवींनी हे लक्षात ठेवायला हवं. मी त्या दिवसापासून ठेवतो.

पुढे शेवटचं पान होतं. अंडी घालून दमलेले, फाटक्या शेपट्यांचे मासे, आणि मग काठाला लागलेले मेलेले मासे. खरं सांगतो, ते पान उलटून जावं असं मला वाटलं. समोर बसलेल्या मुलांच्या आया त्या घडीला दोन-तीनशे किलोमीटरवर फडात होत्या. पण मुलांनी चित्र पाहिलं होतं. एकानं विचारलं, "मग पिल्लाला त्याची आई दिसतच नाही?"

"नाही," मी म्हणालो.

थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग मी पुस्तकात होतं ते पुढे वाचलं. मेलेल्या माशांच्या देहावर ओढ्यातले किडे वाढतात, त्याच किड्यांवर पुढे पिल्लं जगतात. अस्वलं मासे ओढून रानात नेतात, उरलेल्याचं खत होतं. समुद्रातून आलेलं ते खत काठच्या झाडांच्या खोडात सापडतं, हे शास्त्रज्ञांनी तपासून पाहिलं आहे. आई मरण्याआधी चांगली जागा शोधते, खडे झाकते, पाणी वाहतं आहे ना हे बघते. मघाची शिदोरीवाली पोरगी विचार करून म्हणाली, "म्हंजी आई नसली तरी पानी चांगलं पायजे."

त्यावर मी काही बोललो नाही. वसतिगृहाच्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. आई-बाप नसतात त्या सहा महिन्यांत या लेकरांचं पाणी म्हणजे ती खोली, ते दोन वेळचं जेवण, ती शाळा आणि त्या बाई. तेवढं स्वच्छ आणि वाहतं ठेवणं आपल्या सगळ्यांच्या हातात आहे.

मुलांना निसर्गाची पुस्तकं कशी निवडावीत असं मला कधी कधी पालक विचारतात. मी या अनुभवावरून सांगतो. पुस्तक मुलांपासून मरण लपवतं का, ते बघा. लपवणारं पुस्तक मुलाला लगेच कळतं आणि मग त्याचा विश्वास उडतो. प्राण्याला टोपी-चष्मा घालून माणसासारखं बोलायला लावणाऱ्या गोष्टी गमतीला ठीक, पण प्राण्याला प्राणी म्हणून दाखवणारं एखादं पुस्तक घरात असावं. आणि माणसानं काय केलं, हे पुस्तकात येतं का, तेही बघा.

कारण सॅमनच्या गोष्टीत धरण येतंच. अमेरिकेत आयडाहो राज्यात रेडफिश नावाचं सरोवर आहे. तिथले सॅमन समुद्रातून कोलंबिया आणि स्नेक नद्यांमधून साधारण १४५० किलोमीटर पोहत वर येतात आणि दोन हजार मीटर उंची चढतात. आपली गोदावरी त्र्यंबकेश्वरापासून समुद्रापर्यंत १४६५ किलोमीटर आहे. म्हणजे जवळजवळ अख्खी गोदावरी उलटी पोहण्यासारखं आहे हे. त्या वाटेवर आठ मोठी धरणं आहेत. मासे चढावेत म्हणून त्यांना पायऱ्या-पायऱ्यांचे जिने केले आहेत, तरी १९९२ साली त्या सरोवरात फक्त एक सॅमन पोचला. एकच नर. लोकांनी त्याचं नाव ठेवलं 'लोनसम लॅरी', म्हणजे एकटा लॅरी. त्याच्यापासून पुढची पैदास करण्याचे प्रयत्न झाले आणि वंश टिकला. दुसरीकडे एल्वा नदीवरची दोन जुनी धरणं २०११ ते २०१४ या काळात पाडली गेली. क्लॅमथ नदीवरची चार धरणं २०२४ साली काढून झाली आणि त्याच वर्षी सॅमन वरच्या पाण्यात दिसले. शंभर वर्षं बंद असलेली वाट उघडली आणि मासे आले.

हे ऐकून धरणं वाईट असा अर्थ कुणी काढू नये. पैठणचं जायकवाडी १९७६ साली झालं नसतं, सिंदफणेवर माजलगावचं धरण झालं नसतं, तर आमच्या भागाचं काय झालं असतं हे मला ठाऊक आहे. म्हणणं एवढंच की, प्रत्येक भिंतीचा काही हिशेब असतो आणि तो मुलांना माहीत असावा.

आणि हा हिशेब परक्या मुलखातलाच नाही. आपल्या गोदावरीलाही असा समुद्रातून परतणारा मासा आहे. बंगाली लोक त्याला इलिश म्हणतात, इंग्रजीत हिलसा. पावसाळ्यात गोदावरीला लाल पूर आला की हा मासा बंगालच्या उपसागरातून राजमहेंद्रीकडे नदीत चढतो. समुद्रातून नदीच्या गोड्या पाण्यात आला की त्याची चव बदलते म्हणतात. तिथं त्याला पुलसा म्हणतात, आणि मंगळसूत्र विकावं लागलं तरी पुलसा खावा अशी तेलुगूत म्हणच आहे. तो सॅमनसारखा अंडी घालून मरत नाही, पुन्हा समुद्राला जातो. राजमहेंद्रीजवळ धवळेश्वरम इथं आर्थर कॉटन यांनी १८५२ साली बंधारा पुरा केला. डेल्टा सुपीक झाला, दुष्काळ हटला, आणि माशाची वाट तिथं अडली. गंगेवर १९७५ साली फराक्का बंधारा सुरू झाला. त्याआधी हिलसा अलाहाबादपर्यंत पोचत असे, पुढे तिथं तो दुर्मीळ झाला.

आणि अगदी आपल्या दाराशीही एक गोष्ट आहे. मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला, ओढ्याला गढूळ पाणी आलं की मासे प्रवाहाच्या उलट चढतात, उथळ पाण्यात, कधी शेतात शिरतात. हे चढणीचे मासे. त्यांच्या पोटात अंडी असतात. आमच्या लहानपणी आम्ही टोपल्या, फाटक्या साड्या घेऊन धावायचो. टोपलीभर मासे घरी नेले की दादी आधी खूश व्हायची आणि मग पोटातली अंडी बघून म्हणायची, "अरे, पुढच्या सालाचे मासे आजच खाल्लेत." तेव्हा आम्हाला ते कळत नव्हतं. या माशांवर, सिंदफणा मंजरथला गोदावरीला मिळते तिथल्या पाण्यावर, पुलशावर मराठीत चित्रांची पुस्तकं व्हायला हवीत. पिजन क्रीकच्या मुलांनी जे केलं ते आपल्या गावच्या ओढ्यावरही करता येईल. सुरुवात प्लास्टिक उचलण्यापासून करावी.

ती तीन पुस्तकं मी वसतिगृहातच ठेवून आलो. मुलांनी वहीचे कागद फाडून प्रत्येक चित्राखाली आपलं मराठी चिकटवलं. पिशवीच्या चित्राखाली 'शिदोरी' असं लिहिलं आहे. पाडव्याच्या सुमारास फडावरून माणसं परतली. त्या बाईंनी मला नंतर सांगितलं, एक पोरगी आईला हाताला धरून घेऊन आली आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत तिला पुस्तक वाचून दाखवलं. आईला अक्षर येत नव्हतं. ती चित्रं बघत होती. शेवटच्या पानावर तिनं लेकीला विचारलं, "एवढ्या लांबून येतो, अन् वाट चुकत न्हाई व्हय गं?"

"पानी वळखतो त्यो," लेक म्हणाली.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)